स्मारकाची मोकळी जागा

आमचे सदूनाना वीत लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. रिटायर पोस्टमन, पण मापं काढण्याची भारी हौस. मी शेजारी राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी माझ्या चौकटीला वीत लावली आणि कपाट आत जाणार नाही असं ठणकावून सांगितलं. कपाट सहज गेलं. तरी "आपली खात्री केल्याली बरी, मास्तर," म्हणत ते पुन्हा मोजायला लागले. हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर यायचं.

कारगिलच्या पुढच्या वर्षी गावाने एसटी स्टँडजवळ जवानांचं स्मारक करायला घेतलं. जुन्या लढायांपासून गावचे पाच जण कामी आलेले, त्यांची नावं काळ्या दगडावर कोरायची होती. काम दिलं वारूळवाडीच्या पाथरवटाला. माणूस हाताचा चोख, पण जन्मभर देवळांतल्या देणगीदारांच्या फरश्या कोरलेला. देणगीदार मागाहून वाढतात, म्हणून खाली जागा सोडायची त्याची रीत. इथेही त्याने पाच नावं कोरली आणि सवयीने खाली ऐसपैस जागा सोडून दिली.

दगड उभा राहिला त्या सकाळी नाना वीत लावून आले आणि माझ्या ओट्यावर मटकन बसले. खाली बरोबर चार नावं बसतात, म्हणाले. मग त्यात काय बिघडलं, असं मी विचारून गेलो. गावची चार पोरं तेव्हा फौजेत होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नानांना स्वतःचं मूलबाळ नाही, पण या चौघांची पत्रं त्यांनीच त्यांच्या आयांना वाचून दाखवलेली. चौघांचे फौजी पत्ते त्यांना तोंडपाठ होते.

मग नानांनी गाव भंडावून सोडलं. सरपंचांना म्हणाले, वेल काढा, कमळ काढा, पण जागा भरा. सरपंच म्हणाले, असू द्या, पुढंमागं लागली तर? त्यावर नाना दोन दिवस जेवले नाहीत. मग 'येथे जनावरे बांधू नयेत' असं कोरावं म्हणून रीतसर अर्ज दिला. तो फेटाळल्यावर 'चपला बाहेर काढाव्यात' असा दुसरा. उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांनी स्वतःचंच नाव कोरायला सांगितलं, पूर्ण पत्ता आणि पिनकोडसकट. गाव हसून लोळलं. नानांना घरबसल्या हुतात्मा व्हायचंय, असं जो तो म्हणू लागला. मलाही लाज वाटली, आणि मी तसं त्यांना तोंडावर बोललो.

नाना चिडले नाहीत. खाली बघत म्हणाले, "या पाचातल्या दोघांची तार म्याच नेली व्हती. एकाहत्तरला. दुसऱ्याची आई दारात शेंगा निवडीत बसली व्हती. मला म्हणली, सदू, ये, च्या घे. मी आधी च्या पिलो, मास्तर, आन् मग तार दिली." मग मांडीवरच वीत फिरवत म्हणाले, "आता ती मोकळी जागा दिसली की वाटतं, निघाला कुणीतरी सायकल घिऊन."

माझा मलाच राग आला. त्याच दुपारी वारूळवाडीला जाऊन मी पाथरवटाला सगळं सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन आला, सरपंचांना न विचारता कामाला बसला आणि त्या जागेत काठोकाठ वेल कोरून गेला. सरपंचांना मग वेल आवडली म्हणावंच लागलं.

उद्घाटनाच्या सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. वेलीवर चारदा वीत फिरवली. बोट ठेवायला रिकामी जागा सापडेना, तेव्हा कित्येक दिवसांनी हसले. मग दगडाला वळसा घालून मागे गेले, ते परत येईनात. पाहुण्यांची गाडी आली म्हणून मी बोलवायला गेलो. नाना दगडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हिकडची बाजू तर सगळीच कोरी हाय."

पुढे सूत्रसंचालनासाठी माईकवरून माझं नाव पुकारत होते. मी नानांच्या शेजारी दगडाला पाठ लावून उभा राहिलो.