वेबसाइटवरची ताजी तारीख

कोर्टात बर्नार्ड वकिलांच्या हातातला कागद शांताराम राऊत वकिलांनी लांबूनच ओळखला. कागद राऊतांच्याच वेबसाइटवरून काढलेला होता. कोपऱ्यात त्यांचाच हसरा फोटो होता.

"साहेब," बर्नार्ड न्यायाधीशांना म्हणाले, "राऊत म्हणतात, माझ्या अशिलानं, म्हणजे घरमालकानं, करार रजिस्टर केला नाही, म्हणून भाडेकरणीचं म्हणणं खरं धरा. पण त्यांचीच वेबसाइट सांगते, 'करार रजिस्टर करण्याची सक्ती नाही.' खाली लिहिलंय, 'माहिती आजपर्यंत अद्ययावत.' आणि तारीख आजची!"

भाड्याचा कायदा बदलून दोन वर्षं झाली होती, पान मात्र जुनंच राहिलं होतं. बायको, आशालता, सारखी टोकायची, "अहो, ते पान बदला आता." त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "कायदा म्हणजे काय बोंबील आहे, संध्याकाळी शिळा व्हायला?" तारीख तेवढी रोज ताजी. भाच्यानं हौसेनं अशी करामत करून ठेवली होती, की ती आपोआप बदलायची. राऊत आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे.

मागच्या बाकावरून त्यांची अशील जुलियाना पुढे वाकली. "सर, हरलो काय आपण? मम्मीला घेऊन जाऊ कुठं मी?"

"राऊत, हे तुम्ही लिहिलंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

पान बरोबर म्हणावं तर दोघी मायलेकी रस्त्यावर, चूक म्हणावं तर वसईभर अब्रूचं खोबरं. इकडे आड, तिकडे विहीर. राऊतांनी जुलियानाच्या म्हाताऱ्या आईकडे पाहिलं आणि डोळे मिटून विहीर पत्करली.

"मीच लिहिलंय साहेब. ते जुनं आहे, चुकीचं आहे. त्यावर कुणीही विसंबू नये."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी पुस्तक उघडून नवं कलम वाचलं आणि जुलियानाचं बिऱ्हाड जागच्या जागी राहिलं.

बाहेर व्हरांड्यात बर्नार्डांनी राऊतांना गाठलं. टोमणा झेलायच्या तयारीनं राऊत थांबले, पण बर्नार्डांचाच चेहरा उतरला होता.

"शांताराम, म्हणजे रजिस्टर करावाच लागतो?"

"लागतो."

"नाहीतर भाडेकरू म्हणेल ते खरं?"

"मालकाला उलटं सिद्ध करता आलं नाही, तर हो. का रे?"

"अरे, निर्मळ गावातलं माझं घर तुझं पान वाचूनच भाड्यानं दिलं मी. रजिस्टर न करता."

"वकील ना तू? तपासायचं तरी!"

"तपासलं ना," बर्नार्ड रडवेल्या आवाजात म्हणाले. "तारीख बघितली. आजचीच होती."