पान चार कुणी घेतलं?

पोर्टो रिकोतल्या घराच्या खरेदीखताचा मसुदा आला तेव्हा तो आठ पानांचा होता आणि आठही पानं स्पॅनिशमध्ये होती. मनोहर सबनीसला याचा धक्का बसायचं काही कारण नव्हतं. त्या बेटावर मराठी चालत नाही हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. पण घर पसंत करताना त्यानं तीनच गोष्टी बघितल्या होत्या. व्हिसा लागत नाही, फोटोतल्या अंगणात नीरफणसाचं झाड आहे, आणि किंमत निम्मी आहे. किंमत निम्मी का, हा प्रश्न त्याला पडला नाही. आपल्या घासाघिशीपुढे समोरचा नमला, असं तो शिकागोजवळच्या आपल्या शॉमबर्गभर सांगत होता.

त्याच्या बायकोनं, नीलांबरीनं, होकार दिला तो वेगळ्याच कारणासाठी. गेली चौदा वर्षं सुट्टी म्हणजे डोंबिवली. तिथला फ्लॅट कागदोपत्री मनोहरच्या नावावर, पण गॅसचं बटण कुणी किती फिरवायचं हे सासूबाई ठरवायच्या.

"मला सुट्टीला एक असं घर पाहिजे," ती म्हणाली होती, "जिथं कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतील. मग ते चंद्रावर असलं तरी चालेल."

चंद्राचे भाव माहीत नसल्यामुळे पोर्टो रिको ठरलं, आणि शॉमबर्गच्या राहत्या घरावर दुसरं कर्ज निघालं.

मालकी हक्काची भाषा कायद्याची असते, सर्टिफाइड ट्रान्सलेटरकडून इंग्रजी करून घ्या, असं तिथल्या दलालानं ईमेलमध्ये दोनदा लिहिलं होतं. मनोहरला त्यात दलालाचा मेव्हणा ट्रान्सलेटर असल्याचा वास आला.

"ट्रान्सलेटर कशाला?" तो म्हणाला. "आपल्या ग्रुपमध्ये आठ घरं, पानंही आठ. रविवारच्या पॉटलकला प्रत्येकानं आपापल्या डिशबरोबर एक पान इंग्रजी करून आणायचं. मी साइनअप शीट पाठवतो."

"गणपतीच्या पॉटलकची शीटही तूच केली होतीस," नीलांबरी म्हणाली. "पाच घरांनी श्रीखंड आणलं, पुऱ्या कुणीच नाही. टॉर्टियाशी श्रीखंड खाल्लं आपण."

"यार, ते खाणं होतं. हे डॉक्युमेंट आहे."

दहावीतली हिमानी तीन वर्षं शाळेत स्पॅनिश शिकत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "बाबा, आय कॅन जस्ट रीड इट फॉर यू."

"तुला स्पॅनिशमध्ये बी मिळालाय," बाबा म्हणाले, आणि बापाच्या कायदेशीर कामातून मुलगी बाद झाली.

रविवारी आठ घरं आपापले ट्रे आणि आपापली पानं घेऊन आली. कुणी लायब्ररीतून डिक्शनरी आणली होती, कुणी ऑफिसातल्या मेक्सिकन सहकाऱ्याला समोसे खिलवून काम करून घेतलं होतं. मनोहरनं पानं जेवणाच्या टेबलावर, पुलावाच्या ट्रेच्या कडेनं, क्रमानं मांडली. पान क्रमांक तीन दोनदा निघालं. पान चार नव्हतं.

"अरुण, तुला चार दिलं होतं ना?"

"दिलं होतं रे," अरुण कुलकर्णी म्हणाला. तो आणि मनोहर एकाच कंपनीत होते आणि एकमेकांचे प्रोग्रॅम तपासत, त्यामुळे कंपनीचं जे व्हायचं ते होत होतं. "पण उघडून बघतो तर त्यात एक आकडा नाही. नुसता मजकूर. तीनमध्ये कसं, एरिया आहे, चारी बाजूच्या हद्दी आहेत, मन लागतं. म्हणून मी तीन केलं. शोभावहिनींपेक्षा जरा डिटेलमध्ये."

"माझ्यात काय कमी आहे हो भावजी?" शोभावहिनींनी पळी खाली ठेवली. "मी मीटरचे फूटसुद्धा करून आणलेत."

मग पाऊण तास पान तीन चाललं. कुणी अरुणच्या तीनला छान म्हटलं की लगेच वहिनींच्या तीनलाही छान म्हणावं लागे. उद्या त्यांच्याकडेच जेवायला जायचं असतं. चार कुणीच आणलं नाही, त्यामुळे चारबद्दल कुणाचं मन मोडायची भीती नव्हती, आणि म्हणून चारचा विषय निघाला नाही.

"मनोहर, चारचं काय?" शेवटी नीलांबरीनं विचारलं.

"लॉजिकली बघ. तीन संपतं तिथं हद्दी संपतात. पाच सुरू होतं तिथं टॅक्स सुरू होतो. मधे काय असणार? बॉयलरप्लेट, नेहमीचा ठोकळेबाज मजकूर. आठातली सात पानं झाली. ऑफिसात आम्ही याच्या निम्म्या तयारीत प्रोग्रॅम गो-लाइव्ह करतो."

"पेज फोरवर कुणीतरी डोन्या इलुमिनादा आहे," हिमानी म्हणाली. "लाइक, इलेव्हन टाइम्स."

"नोटरीची असिस्टंट असेल. तू ताक वाढ."

मंगळवारी नोटरीनं फोनवर विचारलं, संपूर्ण दस्तऐवज समजला ना? मनोहरनं अभिमानानं सांगितलं की तो आठ कुटुंबांना समजला आहे. नोटरीनं तसं लिहून घेतलं. मग त्यानं सहीचे कागद पाठवले.

डिसेंबरात सबनीस कुटुंब वास्तुशांतीचं सामान घेऊन निघालं. तांब्याचा कलश, आंब्याची डहाळी आणि शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून घेतलेला नारळ. विमानतळापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना नारळाचीच झाडं होती. मनोहरनं मांडीवरचा नारळ जॅकेटखाली सरकवला.

दार आतून उघडलं. दारात सत्तरीची, ताठ कण्याची एक बाई उभी होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. नीलांबरीची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

"डोन्या इलुमिनादा," बाईनं स्वतःची ओळख करून दिली.

हिमानीनं न सांगता पिशवीतून पान चार काढलं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं. "ओके. हिच्या पुतण्यानं तुम्हाला 'नुदा प्रोपिएदाद' विकलंय. म्हणजे बेअर ओनरशिप. मालकी तुमची. बाकी सगळं 'उसुफ्रुक्तो'. म्हणजे राहणं, वापरणं, ॲंड द फ्रूट. ते हिचं. फॉर लाइफ."

"फ्रूट म्हणजे?"

"लिटरली, बाबा. दॅट ट्री."

मनोहरनं नीरफणसाकडे बघितलं. झाड फोटोपेक्षा मोठं होतं आणि लगडलेलं होतं.

"वय काय असेल हिचं?" त्यानं मराठीत, हळूच विचारलं.

तेवढ्यात आतून आणखी म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी डोन्या इलुमिनादाला हाक मारली. हिमानीनं ऐकलं आणि सांगितलं, "हिची आई. जेवायला बोलावतेय."

मनोहर पायरीवर बसला. नीलांबरी मात्र शांत होती.

"एवढ्यासाठी आठ घरं कामाला लावलीस?" ती म्हणाली. "मला विचारायचं. नाव तुझं आणि घर दुसरीचं, हे मी डोंबिवलीत चौदा वर्षं बघतेय. डिक्शनरी नसती लागली."

बाई मनानं वाईट नव्हती. तिनं पाहुण्यांना मागची खोली दिली, जेवायला बसवलं, नीरफणसाचे तळलेले काप वाढले, आणि नीलांबरीनं पातेल्याचं झाकण उचललं तेव्हा हसतमुखानं ते तिच्या हातातून काढून घेतलं. मग पान चारच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. मोठी दुरुस्ती मालकानं करायची होती. छप्पर गळत होतं.

दुसऱ्या दिवशी मालक छपरावर होता, खाली शिडी धरून नीलांबरी. निदान कुणीतरी कळवळावं म्हणून मनोहरनं तिथूनच कॉलिंग कार्डावरून डोंबिवलीला फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर टाकला. सगळी हकीकत सांगितली: घर आपलं, किल्ल्या तिच्या, फळं तिची, मरेपर्यंत कुणी हलवू शकत नाही, आणि छप्पर तेवढं आपण शाकारायचं.

पलीकडून आईनं 'मरेपर्यंत?' असं दोनदा विचारलं. मनोहरला वाटलं, तिला रडू आलं.

"हे असं सगळं कागदावर लिहून घेता येतं?" आईनं विचारलं.

"येतं ना. पान चारवर आहे."

"मग ते पान मला मराठीत करून पाठव. घाई नाही, पण खाली सही तुझी लागेल."

नीलांबरीनं ते खालून स्वच्छ ऐकलं. तिनं शिडी सोडली आणि ती जेवायला आत निघून गेली.