उंबऱ्याशी थांबणारा आवाज

ज्याच्या तालावर अवघ्या घराने चालायचे, त्यालाच माजघरात कोंडले तर तो वेळेवर बाहेर कसा येईल, सांगा बरे? कोल्हापुरात सुलक्षणा पडळकर यांच्या स्टुडिओत दाजीबा गुरवांचा आवाज प्रत्येक उंबऱ्याशी थांबून नमस्कार करी, आणि म्हणून पडद्यावर उशिरा पोहोचे.

आवाजाला वळण होते. दाजीबांनी जन्मभर देवळात काकडआरती म्हटली. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि वाचा गेली. सुलक्षणाताईंनी त्याआधी केलेले रेकॉर्डिंग तेवढे उरले. उत्सवात देवळात दाखवण्यासाठी त्यावर ॲनिमेशन करायचे होते. झांजेच्या ठोक्याला ज्योत उजळावी, चित्रातल्या दाजीबांचे ओठ शब्दाबरोबर हलावेत, एवढीच अपेक्षा. दुसरे रेकॉर्डिंग आता होणे नव्हते.

काम शार्दूल बोंद्रेकडे होते. हात तयार, पण अंगात आळस मुरलेला. संगणकावर एका कॉम्पोझिशनच्या, म्हणजे हलत्या चित्राच्या एका चौकटीच्या, पोटात दुसरी ठेवता येते. त्याने ज्योती समईच्या पोटात ठेवल्या, समई गाभाऱ्याच्या, गाभारा देवळाच्या. दाजीबांचे चित्र देवळात बसवले आणि आवाज मात्र ज्योतींजवळ, अगदी आत ढकलून दिला. परिणामी चित्रातले ओठ मिटत, आणि मग शब्द येई.

"शार्दूल, हे काय?" ताईंनी विचारले.

"मी काय करू, ताई? उंबरा दिसला की थांबतोय त्यो. नमस्कार करतोय. आता नमस्कार करू नको म्हणून सांगू काय?"

"त्याला इतका आत कोणी ठेवला?"

"सोयीचं पडत होतं की."

"कोणाच्या सोयीचं?"

शार्दूल खुर्ची फिरवीत राहिला. ताईंनी कपाळाला हात लावला, मग हेडफोन चढवून आवाजालाच विचारले, "मामा, थोडं लवकर येता येईल का?"

"उंबरा तसाच ओलांडू म्हणता, बाई?" आवाज म्हणाला. "साठ वर्षांत कधी केलं नाही, ते आता करू? मला बाहेर देवळात बसवा. बाकीच्यांनी माझं ऐकून चालावं. रीत तीच."

मागणी रास्त होती. पण त्यासाठी प्रत्येक ज्योत नव्याने ठोक्याला लावावी लागणार होती.

"करतो, ताई. देवाशपथ," शार्दूल म्हणाला.

त्याने केले नाही. चित्रातले ओठच अंदाजाने मागे सरकवले. पहिली ओळ जुळली. तेवढीच ताईंना दाखवली. देवाची शपथ ज्याला हलकी वाटते, त्याला देवाचे काम देऊ नये. ताईंना हे उशिरा कळले.

उत्सवाच्या सकाळी सभामंडप भरला. दाजीबा पुढे बसले. पडद्यावर ओठ हलले, ज्योती उजळल्या, विझल्या, आणि चित्र संपले. आवाज आला नाही. देवळाच्या कॉम्पोझिशनमध्ये असता, तर तो आधीच देवळात असता. आता त्याला समईचा उंबरा होता, गाभाऱ्याचा होता, आणि शेवटी खऱ्या देवाचा. देवापुढचा नमस्कार कोणी आटोपता घेत नाही.

"येडं केलं राव सगळ्यांना!" कोणीतरी म्हणाले. लोक प्रसाद घेऊन पांगले. ताई मान खाली घालून वायर गुंडाळू लागल्या. दाजीबा उठले नाहीत. ते उंबऱ्याकडे पाहत होते.

मंडप रिकामा झाल्यावर आवाज पोहोचला आणि आरती सुरू झाली. दाजीबांनी हात जोडले. त्यांचे मुके ओठ हलू लागले, आणि एकही शब्द पुढेमागे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शार्दूल स्टुडिओच्या आतल्या खोलीत उभा राहून काही बोलला. ताईंना हलणारे ओठ दिसले. त्या वाट पाहून जेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा, "चुकलो, ताई," असे बाहेरच्या खोलीत ऐकू आले. शार्दूल तोवर आत बसून ज्योती एकेक करून नव्याने लावीत होता.

ते काम त्याने पुरे केले. दंड मात्र सरला नाही. आजही तो स्वयंपाकघरात, "आई, भूक लागली, वाढ," म्हणतो, आणि बाहेर सोप्यात बसलेल्या आईला ते ताटे घासून झाल्यावर ऐकू येते.