आमच्या घराच्या जागी झाड

आमचं घर पाडायचं एकमताने ठरलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तसं काही घडलंच नाही असं धरून मला निवांत बोलता येईल.

तर, आमच्याकडे सगळं उत्तम चाललं आहे.

लोकांना कुठे राहायला आवडतं, याची पाहणी करणाऱ्या कचेरीत मी नोकरीला आहे. पूर्वी आम्ही प्रश्न विचारायचो. सगळे एकच उत्तर द्यायचे: शांत, हवेशीर आणि बाजाराला लागून. अशी जागा पृथ्वीवर नाही. म्हणून मी साहेबांना म्हटलं, "माणसाची जीभ खोटं बोलते, बोट बोलत नाही. पडद्यावर गल्लीचं चित्र देऊ. नको ते बोटाने बाहेर ढकला, हवं ते आत ओढा. झाड, बाक, दिवा, काय वाट्टेल ते."

साहेब म्हणाले, "चित्र फुकटात मिळेल का?"

मिळालं. समोरच्यांच्या गच्चीवर चढून मी आमच्याच गल्लीचा फोटो काढला. ढकलाढकली नीट चालते का, हे बघायला कुठलं तरी घर हटवणं भाग होतं. दुसऱ्याचं कशाला, म्हणून आपलंच हटवलं. शेवटी संस्कार असतात.

मग टॅब घेऊन गल्लीत निघालो. इस्त्रीवाल्याने आमचं घर काढून तिथे झाड लावलं. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "वैयक्तिक काही नाही हं," आणि मस्तीखोर पोराला वर्गाबाहेर काढावं तसं घर बाहेर काढलं.

म्हटलं, घरची दोन मतं तरी हक्काची आहेत.

"हे हिरवं काय आहे रे?" आईने विचारलं. "कोण राहतं असल्या डब्यात?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिने तो डबा उडवून तिथे झाड ओढलं.

"आई, ते आपलं घर होतं."

"काहीतरीच. आपलं घर पिवळं आहे."

आतून आहे. समोरच्यांच्या गच्चीवर चढून ते बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

तो हिरवा रंग बाबांनी स्वतः पसंत केलेला. ते आईच्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिले.

"झाड जरा डावीकडे घे," ते म्हणाले. "डोळ्यांना बरं वाटेल."

साहेब बेहद्द खूश. एवढं एकमत कचेरीत चहाबद्दलही झालेलं नाही. त्यांनी निकाल थेट नगररचना विभागाला धाडला आणि आमच्या दारात मोजणीवाला टेप घेऊन उभा राहिला.

"अहो, आम्ही इथे राहतो," बाबा म्हणाले.

"म्हणूनच तुमचं मत वजनदार, काका. तुम्ही तर झाडही सरकवलंत."

"ते चित्र होतं हो."

"आमच्याकडे आधी सगळं चित्रच असतं. नंतर खरं करतात."

"हरकत घेता येते ना?" मी विचारलं.

"घ्या की. पण घर हटवायचं पहिलं मत कोणाचं, तेवढं बघून घ्या."

आई माझ्याकडे बघू लागली. मी टेपचं दुसरं टोक धरलं.

तरी संबंधित विभागास नम्र विनंती की, नियोजित झाडाच्या तळमजल्यावरील दोन खोल्या अर्जदाराच्या आईवडिलांच्या नावे करण्यात याव्यात. अर्जदार स्वतः कोणत्याही फांदीवर समाधानी राहील.