शगुनाचं तेल

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, पोलोग्राउंडजवळच्या पेट्रोल पंपावर, वाल्मिकला आपली चूक कळली. पंपवाल्याने त्याच्या स्कूटरमध्ये पेट्रोल सोडलं आणि विचारलं, "ऑइल कितना डालूँ, भिया?"

स्कूटरच्या इंजिनला आतून तेल मिळायची दुसरी सोय नसते, म्हणून ते पेट्रोलमधूनच द्यावं लागतं. हे त्याला वयाच्या पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. गुरुवारी नेमकं आठवलं नव्हतं.

गुरुवारी त्याने दुरुस्त करून दिलेली गाडी राजेंद्र नगरातल्या जयसिंगरावांची, दुबईच्या मेहुण्याने पाठवलेली जपानी स्पोर्ट्स कार. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते, तिकोनी रोटर होते. कार्बोरेटरला तडा गेलेला, आणि तसा दुसरा इंदुरात मिळणं अशक्य. "रोटरीचं काम केलंय कधी?" असं जयसिंगरावांनी विचारलं, तेव्हा वाल्मिक म्हणाला, "भोत केलंय, साहेब." तो फिटर होता ती मिल बंद होऊन चौदा महिने झाले होते. जयसिंगराव विदेशी गाड्यांची एजन्सी घेत होते आणि त्यांना हेड मेकॅनिक हवा होता. गाडीचं पुस्तक जपानीत होतं. वाल्मिकने ते पाव तास मान डोलवत चाळलं. एकदा तर खात्री करून घ्यायला मागचं पानही उलटलं.

फियाटचा कार्बोरेटर लहान पडला, अँबेसेडरचा बसेना. शेवटी महूच्या लष्करी भंगारातून त्याने दोन गळ्यांचा आणला, त्याचे पेट्रोल सोडणारे जेट बदलले आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत चार दिवस कानाने ट्यूनिंग केलं. उरली एक बारीक नळी. ती इंजिनचं तेल जुन्या कार्बोरेटरमध्ये आणत होती. नव्याला तिच्यासाठी भोकच नव्हतं. "कार्बोरेटरमध्ये तेल? कोण गधा जोडून गेला!" असं चार लोकांत म्हणून त्याने नळीच्या तोंडात सायकलच्या ट्यूबचं रबर कोंबलं आणि वरून तार आवळली. गाडीच्या मागून येणारा निळसर धूर बंद झाला. जयसिंगरावांनी त्याला मिठीच मारली.

म्हणजे ती नळी रोटरना तेल पाजत होती, आणि दोन दिवस ते कोरडे घासत होते. आणि चार वाजता एजन्सी देणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर याच गाडीतून महूपर्यंत चक्कर मारणार होते.

वाल्मिकने लिटरभर स्कूटरचं तेल घेतलं. "साहेब, चूक माझी आहे," हे वाक्य त्याने वाटभर घोकलं. फाटकातच जयसिंगरावांच्या पत्नी, शशिकलाबाई, म्हणाल्या, "या या, हेड मेकॅनिक!" वाक्य घशाखाली उतरलं. त्याने पाणी मागितलं, त्या आत वळल्या, आणि त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून डबा तिरपा केला.

"अरे, हे काय टाकताय?" जयसिंगराव मागे उभे होते.

"शगुन, साहेब."

"टाकीत?"

"मिलची रीत होती. नवी मशीन चालवायच्या आधी फिटर आपल्या हाताने तेल द्यायचा."

जयसिंगरावांचे डोळे पाणावले. "मिल गेली, पण संस्कार नाही गेले, यार! शशिकला, जल्दी बाहेर ये!"

शशिकलाबाईंनी ऐकलं आणि त्या देवघरातलं तेलाचं भांडं घेऊन आल्या. "एक पळी आमच्याकडून पण."

"नको, वहिनी! तिळाचं नाही चालत."

"का? देवाला चालतं."

"ती जपानी आहे," वाल्मिक म्हणाला.

चारला दहा कमी असताना इंजिनिअर शरच्चंद्र आले. त्यांनी टाकीजवळ वाकून वास घेतला, मग डबा पाहिला. "टू-स्ट्रोक ऑइल? कोणी टाकलं?"

"आमच्या वाल्मिकजींनी. शगुन म्हणून."

"शगुन कसलं! रोटरीला पेट्रोलबरोबर तेल लागतंच. पुण्यापासून इथपर्यंत हे माहीत असलेला पहिला माणूस भेटला. बाकीचे धूर दिसला की तेलाची नळीच बंद करतात. महिन्यात इंजिन खलास. अशांच्या हातात पानाच देऊ नये."

"आणि हे म्हणतात शगुन!" जयसिंगराव गहिवरले. "विनय बघा माणसाचा! नोकरी पक्की, वाल्मिकजी."

वाल्मिकने खाली पाहिलं. चपलेच्या अंगठ्याला ग्रीस लागलं होतं. "साहेब, ती नळी..."

"तेच म्हणतोय," शरच्चंद्र उत्साहाने म्हणाले. "नव्या कार्बोरेटरला नळी कशी बसवलीत, ते मला शिकायचंय. बोनेट उघडा."

वाल्मिक गाडीत जाऊन बसला. बोनेटचा खटका आत, पायापाशी होता. तिघंही समोर जाऊन वाकून उभे राहिले. शरच्चंद्रांनी खिशातून वही आणि पेनही काढलं.

"अडकलाय का?" जयसिंगरावांनी विचारलं.

"हो, साहेब," वाल्मिक म्हणाला.

चार वाजून दहा मिनिटांपर्यंत बोनेट उघडलं नव्हतं, आणि वाल्मिकही गाडीतून उतरला नव्हता.