अकरा वीसची स्थळप्रत

निवृत्त माणसाने शनिवारी सकाळी काही करू नये. इतर वारीही करू नये, पण शनिवारी तर नाहीच. कारण त्या दिवशी नातेवाईक यायच्या बेतात असतात आणि केलेला घोटाळा निस्तरायला वेळ उरत नाही. हे शहाणपण मला आता आलं आहे. दोन हजार सहा साली ते नव्हतं. म्हणून त्या शनिवारी मी ठरवलं की, संचिताच्या कॉम्प्युटरचा पडदा जरा आवरून ठेवावा.

संचिता माझी मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेचा मजकूर त्या कॉम्प्युटरमध्ये होता. मजकूर कसला, तह होता तो. माझे चुलतभाऊ हरिश्चंद्र आणि बायकोचे थोरले भाऊ दाजी, या दोघांपैकी कोणाचं नाव वर घालायचं यावर तीन आठवडे घरात नीट जेवण झालं नव्हतं. अखेर मी कचेरीत करतात तशी वयानुसार ज्येष्ठतासूची तयार केली, निमंत्रक म्हणून स्वतःला सगळ्यांच्या वर ठेवलं, आणि दोघेही सारखेच नाराज झाल्यामुळे प्रश्न मिटला.

तो मजकूर त्या दिवशी एक वाजायच्या आत रॉबर्टच्या प्रेसमध्ये पोहोचायला हवा होता. रॉबर्ट उत्तनचा. गावात फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, असल्यामुळे तो दुपारी शटर ओढून जाणार, तो थेट आठवड्यानेच उगवणार. आणि सोमवारी रात्री दाजी पत्रिका घेऊन रत्नागिरीला निघणार होते. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे, मग भावकीत घरोघर. पोस्टाने गेलेल्या पत्रिकेला आमच्याकडे आमंत्रण म्हणत नाहीत, अपमान म्हणतात.

दाजी सिल्व्हर पार्कहून आमच्या जेसल पार्कच्या घरी साडेअकराला येणार, मजकुरावर शेवटची नजर टाकणार, मी तो पेन ड्राइव्हवर घेऊन रॉबर्टला नेऊन देणार. दहा मिनिटांचं काम. मला तोवर वेळ होता. (माझ्या आयुष्यातले सगळे अनर्थ या वाक्यापासून सुरू होतात.)

पडद्यावर चित्रांची नुसती जत्रा भरली होती. 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल नवी', 'पत्रिका खरी फायनल', 'पत्रिका दाजी फायनल'. नेमकं आदल्या दिवशीच्या पेपरच्या पुरवणीत 'कॉम्प्युटरवर दुप्पट वेगाने काम करा' असा लेख आला होता. पडदा मोकळा ठेवा, चित्रं एका फोल्डरमध्ये घाला, उरलेली लपवा, खालची पट्टी बाजूला सरकवून दिसेनाशी करा, वगैरे. लेख मी कापून ठेवला होता. दुप्पट वेगाने करण्यासारखं माझ्याकडे काही काम नव्हतं, पण नोकरीत असतानाही ते नव्हतंच.

आता, पस्तीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढलेला माणूस मूळ कागदाला हात लावण्याआधी त्याची एक नक्कल दप्तरी ठेवतो. तिला आम्ही स्थळप्रत म्हणतो. म्हणून मी आधी पडद्याची स्थळप्रत काढली. म्हणजे लेखात दिलेलं बटण दाबून आख्ख्या पडद्याचा फोटो घेतला. तो जपून कुठे ठेवावा हे शोधताना एका यादीत 'पार्श्वभूमी म्हणून ठेवा' असं काहीसं दिसलं. प्रकरणाची पार्श्वभूमी कायम दप्तरी असावी, हे माझं तत्त्वच आहे. ठेवली.

मी काय केलं होतं ते मला संध्याकाळी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हाला माझ्याइतकं दमायला नको. पडद्यावरच्या चित्रांचा, खालच्या पट्टीचा आणि पट्टीच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा फोटो काढून मी तोच पडद्याला भिंतीवरच्या कागदासारखा चिकटवला होता. घड्याळात तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग मी लेखाबरहुकूम पत्रिकांची सगळी चित्रं फोल्डरमध्ये घातली. ती होती तिथेच दिसत राहिली. उरलेली लपवली. पडदा जसाच्या तसा. खालची पट्टी उजवीकडे सरकवून लपवली; क्षणभर दोन पट्ट्या दिसल्या, मग एकच उरली, तीही खालीच. इतका वेळ मान मोडून काम केलं आणि कशातही तिळभर फरक पडला नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर हा अनुभव मला नवा नव्हता. मी चहा मागितला.

तेवढ्यात दाजी आले.

"काय भाऊजी, दाखवा आमचा नंबर कितवा तो."

मी ऐटीत माउस सरसावला आणि 'पत्रिका दाजी फायनल'वर टिचकी मारली. काही नाही. दोनदा मारली. काही नाही. 'खरी फायनल'वर मारली. तीही ढिम्म.

"जोरात दाबा," दाजी म्हणाले.

"जोराचा काय संबंध?"

"आमच्या टीव्हीचा रिमोट जोरात दाबावा लागतो."

दाजींनी जोरात दाबून पाहिलं. मग स्वयंपाकघरातून मृणालिनी (आमची ही) पदराला हात पुसत आली. "काय केलंत?" एवढंच तिने विचारलं. 'काय झालं' असं तिने मला लग्नानंतर कधीही विचारलेलं नाही.

"काही नाही. माउसचा सेल गेलाय."

आमचा माउस बिनवायरचा, होणाऱ्या जावयाने, निकेतने, भेट दिलेला. घरात नवा सेल नव्हता. मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.

"अहो, घड्याळ बंद पडेल ना!"

"पडू दे. ते तसंही तू वीस मिनिटं पुढे लावून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरवर वेळ दिसते. सरकारी वेळेसारखी बिनचूक." मी बोट दाखवलं. "हे बघ. अकरा वीस."

माझं मनगटी घड्याळ निवृत्त झाल्या दिवशी मीच कपाटात ठेवलं होतं. दाजींचं घड्याळ चांगल्या कपड्यांबरोबर घालायचं होतं, आणि आमच्या घरी ते चांगले कपडे घालून येत नसत.

सेल बदलूनही काही उघडेना. मृणालिनीने संचिताला फोन लावला. तिच्या ऑफिसात ट्रेनिंग होतं, मोबाइल बंद. मग पोहे झाले. पोह्यांवर चहा झाला. दाजींनी आपल्या नावामागे 'श्रीमान' हवं की 'श्री.' पुरे, यावर बराच वेळ दोन्ही बाजूंनी स्वतःच विचार मांडला.

"रॉबर्टकडे उशीर नाही ना होत?" मृणालिनी म्हणाली.

"अकरा वीस तर झालेत."

"मघाशीही अकरा वीसच झाले होते."

"संचिता म्हणतच होती, कॉम्प्युटर स्लो झालाय," दाजी म्हणाले.

मी शेवटचा उपाय केला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तो नेहमीप्रमाणे घुरघुरला, थांबला, विचारात पडला, आणि बऱ्याच वेळाने पडदा उजळला. अकरा वीस.

"बघा!" मी खुर्चीतून उठलोच. "बंद होऊन चालू व्हायला एक मिनिटही लागलं नाही! आधी किती वेळ खायचा. त्या लेखाचा गुण आलाय."

"गुण आलाय तर पत्रिका उघडा," मृणालिनी म्हणाली.

दाजींच्या मते आता दोष वायरीत असणार. मी टेबलाखाली शिरलो. तिथे निरनिराळ्या काळ्या वायरींचा असा काही एकोपा होता की, आमच्या घराण्यात तसा कधी नांदला नाही. एकेक वायर उपटून परत खोचत असताना फोन वाजला. दाजींनी उचलला.

"कोण, रॉबर्ट? अरे येतोच आहोत. आत्ताशी अकरा वीस झालेत." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. मग हळू आवाजात, "भाऊजी, तो म्हणतोय सव्वा वाजला."

टेबलाखाली डोकं आपटायला वरची बाजू सोयीची असते. मी आपटलं.

मृणालिनीने रिसीव्हर हिसकावला. "रॉबर्टदादा, असं करू नका हो! मुलीचं लग्न आहे!"

तिकडून रॉबर्टचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वयनी, रिक्षा उभी हाय माझी. फेस्ताला पोरं खोळंबलीत. बरं, फाइल रहू द्या. फोनवर सांगा पटापट, मी टाइप करतो. आता लगेच छापून शेजारच्या दुकानात ठेवतो, पण प्रूफ-बिफ दाखवायला टाइम न्हाय."

"दादा, तू सांग," मृणालिनी दाजींना म्हणाली. "तुझा आवाज मोठा आहे."

दाजींनी घसा साफ केला. मी वायरी धरून आतून ऐकत होतो. माणूस सांगणार तो स्वतःच्या तोंडाने, त्यामुळे मजकूर निघाला तो असा: "आमची भाची, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी संचिता... लिहिलंस? सौभाग्यवती मृणालिनी यांची ज्येष्ठ कन्या..." पुढे दाजींचं नाव 'श्रीमान'सकट, मग हरिश्चंद्रांचं (तह त्यांनी पाळला, हे कबूल करायला हवं), मग आत्या, मावश्या, मामेभाऊ.

"भाऊजींचं नाव?" दाजींनीच थांबून विचारलं.

"ते घरचेच," मृणालिनी म्हणाली. "आधी बाहेरच्यांचं होऊ दे, त्यांना शेवटी घाल."

मला ते पटलं. यजमानाने आपलं पान शेवटी मांडावं, ही रीतच आहे. मी समाधानाने आणखी एक वायर उपटली. ती फोनची निघाली.

ती नेमकी कुठे खोचायची ते शोधून रॉबर्टला लावेपर्यंत तो पत्रिका छापून रिक्षात बसला होता.

संध्याकाळी संचिता आणि निकेत पत्रिकांचे गठ्ठे घेऊन आले. रॉबर्टने ते शेजारच्या दुकानात ठेवले होते. निकेतने पडद्याकडे पाहिलं, माउस उजव्या कडेला नेला, तिथून एक पट्टी बाहेर आली, आणि तिच्यातलं घड्याळ खरी वेळ सांगू लागलं.

"बाबा," तो अत्यंत आदराने म्हणाला, "हा फोटो आहे."

"स्थळप्रत," मी म्हणालो.

पत्रिका छान निघाल्या होत्या. सोनेरी गणपती, ठसठशीत अक्षरं. संचिताने एकदा वाचली, उलटून मागे पाहिलं, पुन्हा वाचली. "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"मी? इथेच."

"पत्रिकेत."

दाजी सोमवारी त्याच पत्रिका घेऊन रत्नागिरीला गेले. कुलदैवताची आणि माझी ओळख जुनी आहे, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. लग्नात मात्र मुलाकडच्या एका गृहस्थांनी माझ्या हातात पाण्याचा रिकामा जग दिला आणि भरून आणायला सांगितलं. मी आणला. जेवणं वेळेवर झाली, याबद्दल सगळ्यांनी दाजींचं कौतुक केलं.

तो कॉम्प्युटर संचिता सासरी घेऊन गेली. पुरवणीतलं ते कात्रण माझ्याकडे अजून आहे. मृणालिनी त्यावर कढीपत्ता वाळवते. परवा ती म्हणाली, झालं गेलं लिहून काढा, तेवढंच नाव होईल. म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर तिने वाचलं आणि विचारलं की, यात सगळ्यांची नावं आहेत, तुमचं कुठे आहे?

शेवटी घालणार होतो. कागद संपला.