पाच वाजून वीस मिनिटं

बरोबर पाच वाजून वीस मिनिटांनी बाई पुन्हा गोठल्या. म्हणजे स्वतः बाई धडधाकट होत्या, खुर्चीत ताठ बसून बोलत होत्या. गोठलं होतं ते वाचनालयाच्या अकरा सभासदांच्या पडद्यावरचं त्यांचं चित्र. तोंड अर्धं उघडं आणि तर्जनी वर.

एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाई आता वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदांचा ऑनलाइन वर्ग घेत होत्या. विषय होता, 'वायफाय समजून घेऊ या'. नेमक्या त्याच वर्गात वायफाय बंद पडावं, तेही रोज ठरलेल्या वेळी, हा त्यांना सरळसरळ अपमान वाटत होता.

चौथ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. "बाई, राग मानू नका. पण लोक म्हणतात, यांचंच चालत नाही तर आम्हाला काय शिकवणार. उद्याही असं झालं तर वर्ग मोबाइल दुकानवाल्याकडे देऊ म्हणतो."

"त्याच्याकडे? त्याला दहावीत प्रकाश आणि ध्वनी यांतला फरक सांगता आला नव्हता."

"पण त्याचं वायफाय चालतं."

वाद अर्ध्यावर सोडून बाईंनी फोन ठेवला. असं त्यांच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं.

संशय होता वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांवर. त्यांचा दवाखाना पाचलाच उघडायचा. चित्र गोठलं की बाई हेडफोन कानाला तसाच ठेवून, वायर ओढत गॅलरीत जात आणि वरच्या खिडकीकडे रोखून बघत. दोन मिनिटांनी सगळं सुरळीत होई. हा आपल्या नजरेचा परिणाम, अशी त्यांची मनातून समजूत होती.

"अगं, तो बिचारा दात उपटतो, तुझं नेटवर्क कशाला उपटेल?" यजमान म्हणाले.

"त्याचा राउटर आणि आपला राउटर एकाच चॅनेलवर आहेत. एका खोलीत दोघं एकदम मोठ्यांदा बोलले तर तिसऱ्याला काही कळेल का?"

"नाही," यजमान म्हणाले. या घरात दोघं एकदम मोठ्यांदा बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

वर्गाच्या वेळी यजमानांचं काम एकच होतं. पाचला ते टेबलावर चहा ठेवत. बोलण्याच्या भरात बाई तो विसरत. मग यजमान हळूच येऊन कप उचलून नेत आणि गरम करून आणत. बाईंना गार चहा चालत नसे, आणि चिडल्यावर तर मुळीच नाही.

बाई तडक वर गेल्या. "उद्या पाच ते सहा तुमचा राउटर बंद ठेवा."

दंतवैद्य सोशिक होते. "ठेवतो. शिवाय मोबाइलच्या डेटावर तुमच्या वर्गालाच बसतो. म्हणजे तुमची खात्री पटेल."

पाचव्या दिवशीचा धडा अडथळ्यांचा होता. दंतवैद्य पहिल्या चौकटीत हसतमुख बसले होते. बाई रंगात आल्या. "लहरींना भिंत अडवते, पाणी अडवतं, लोखंडी कपाट तर फारच. पण एका कारणाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आपला राउटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन जवळजवळ एकाच वारंवारतेवर काम करतात. ओव्हन जुना असेल, दार सैल असेल, तर थोड्या लहरी बाहेर निसटतात आणि वायफायचा आवाज त्यांत बुडतो. म्हणून शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी आपल्याच स्वयंपाकघरात..."

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. बाई सवयीनं गॅलरीकडे जायला उठल्या आणि थबकल्या. रोखून बघायचं कुणाकडे? दंतवैद्य समोरच होते, सगळे दात दाखवत गोठलेले. बाई संतापानं खाली बसल्या आणि हेडफोन काढून आपटला.

बंद दारापलीकडून घरघर ऐकू आली. मग 'टिंग'. पडद्यावरची माणसं हलू लागली.

दार उघडून यजमान आत आले, हातात वाफाळता कप. "गार झाला होता गं."

तो ओव्हन पंधरा वर्षांचा होता. त्याचं दार रबरबँडनं बांधलेलं होतं. रबरबँड बाईंनीच लावला होता.

बाईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. "बाई," वर्गाला बसलेले चिटणीस म्हणाले, "पुन्हा गेलं होतं."

"गेलं नव्हतं. घालवलं होतं," बाई म्हणाल्या. "याला प्रात्यक्षिक म्हणतात."

"पाचही दिवस?" एका आजींनी विचारलं.

"निरीक्षण एकदा घेऊन भागत नाही."

चिटणीसांचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं ना. दुकानवाल्याला हे सुचलं नसतं. परत दाखवता?"

बाईंनी मान वळवली. "अहो, चहा गरम करून आणा."

"अगं, चटका बसेल इतका गरम आहे."

"आणा म्हणते ना."

सगळे पुन्हा गोठले, पुन्हा हलले. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मग दंतवैद्यांनी आपला माइक सुरू केला. "बाई, मग माझा राउटर लावू का आता?"

बाईंचे कान तापले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण अकराव्या चॅनेलवर."

आणि त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. जीभ चांगलीच भाजली. पण नेटवर्क आता उत्तम चालत होतं, त्यामुळे तसं दाखवायची सोय नव्हती.